तिसरी पिन

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, हे इथे लिहिणारे सगळेच म्हणतात. मीही म्हणतो, त्याला इलाज नाही. वीस-बावीस वर्षं मी विमानांच्या देखभालीत काढली. ज्या वस्तूला पार्ट नंबर नाही ती वस्तूच नाही, असं आम्ही तिथे चेष्टेने म्हणायचो. मूळचा मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा — आश्रमशाळा, मग आयटीआय, मग मुंबईचा विमानतळ. भगत, वारं, अंगात येणं हे सगळं लहानपणी पाहिलेलं. आणि पाहिलेलं होतं म्हणूनच विश्वास नव्हता. ज्याच्या अंगात यायचं तोच दुसऱ्या दिवशी आमच्या बांधावर बसून विडी मागायचा.

पण आधी माझा गुन्हा सांगावा लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लहानू हा माझ्या धाकट्या बहिणीचा, जनीचा नवरा. गाव जामसर. पावसावरचं भात, ते निघालं की काम नाही. मीच त्याला विमानतळावर कंत्राटी हेल्पर म्हणून लावलं. चाकांना ठोकळे लावायचे, शिडी ढकलायची, आमची हत्यारं उचलायची. घरी तो मला 'दादा' म्हणायचा आणि कामावर 'साहेब'. एकदा सगळ्यांसमोर "साहेब, चहा घेतोस का रे दादा?" म्हणाला आणि आठवडाभर माझी चेष्टा झाली.

विमान उभं असताना त्याच्या चाकांचे पाय चुकून दुमडू नयेत म्हणून प्रत्येक पायात एक लॉक पिन घालतात. नाकाखालच्या पायात एक, डाव्यात एक, उजव्यात एक. प्रत्येकीला लांब लाल फीत. उड्डाणाआधी तिन्ही काढायच्या आणि कॅप्टनला खिडकीतून दिसतील अशा हात वर करून दाखवायच्या. तो मोजतो, अंगठा दाखवतो, मग विमान हलतं. एखादी राहिली तर तो पाय वर जात नाही. पिना काढणं माझं काम. हेल्परने त्यांना हात लावायचा नाही, असा नियम.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दोन सारखीच छोटी पंख्याची विमानं शेजारी शेजारी उभी होती. एक निघायचं होतं, दुसरं दिवसभर तिथेच राहायचं होतं. दोन्हीकडे मीच. उशीर झाला होता, वॉकीटॉकीवर कुणीतरी ओरडत होतं. मी लहानूला म्हणालो, "नाकाची आणि उजवी तू काढ, डावी मी काढतो." वॉकीटॉकी उजव्या कानाला धरून बोलत बोलतच मी डाव्या पायाशी गेलो आणि पिन ओढली. लहानूकडून दोन घेतल्या. तीन फिती वर धरल्या. कॅप्टनने अंगठा दाखवला.

माझ्या हातातली तिसरी पिन शेजारच्या विमानाची होती.

विमान उडालं. दोन पाय आत गेले, डावा बाहेरच राहिला. कॅप्टनला कळेना की पाय अडकलाय, मोडलाय की अर्धाच खाली आहे. इंधन कमी करायला ते घिरट्या घालत राहिले. टॉवरला चाकं दिसावीत म्हणून एकदा धावपट्टीवरून अगदी खाली उडत गेले. आगीचे बंब ओळीने उभे राहिले. लहानू माझ्याशेजारी उभा होता. "दादा, त्यात लहान पोरं पण असतील का?" एवढंच म्हणाला. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. सगळ्यांच्या माना वर होत्या. मी गुपचूप शेजारच्या विमानाखाली गेलो आणि ती पिन परत जागेवर घातली.

विमान सुखरूप उतरलं. पाय मुळात खालीच कुलूपबंद होता. बाकीचे दोनही खाली आले. कुणाला खरचटलंही नाही.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. साहेब, तपासणी करणारा एक जण, मी आणि दाराशी लहानू. कॅप्टनने सांगितलं होतं की तीन फिती दिसल्यासारख्या वाटल्या, पण वाऱ्याने फडफडत होत्या. मला विचारलं, पिना कुणी काढल्या? मी म्हणालो, "हेल्परने. त्याने हातात दिल्या, मी मोजल्या नाहीत."

साहेबांनी लहानूकडे पाहिलं. "क्यों भाई, एक रह गयी थी?"

"हां साब. मेरेसे रह गया."

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला ताकीद मिळाली, त्याचा विमानतळाचा पास काढून घेतला, म्हणजे कामच गेलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "थोडे दिवस थांब. वातावरण निवळू दे, मग मी खरं सांगतो."

"असू दे दादा," तो म्हणाला. "तुला शिकायला किती वर्षं लागली. मना काय, ठोकळे उचलायचे, ते कुठंबी मिळतील."

मी सांगितलं नाही. कधीच नाही.

गावात बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. जव्हारच्या जीपमध्ये बसला की कुणीतरी म्हणायचंच, "चाकवाला बसला रे, खाली उतरून चाकं मोजा." तो हसायचा. जनीला मात्र ते लागायचं. माहेरी आली तेव्हा तिने मला एकदाच विचारलं, "दादा, खरंच त्याच्या हातून झालं का?" मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." बहिणीच्या तोंडावर.

दोन वर्षांनी ठाण्याला एका इमारतीच्या परांचीवरून पडून लहानू गेला. विमानतळावर असता तर तो परांचीवर कशाला चढला असता?

आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याचा 'दिवस' घालतात. घरात दाणा असावा म्हणून पुष्कळदा भात झोडून झाल्यावर. भगत गेलेल्या माणसाला बोलावतो, तो कुणा नातेवाइकाच्या अंगात येतो आणि घरचे त्याला विचारतात — काय राहिलं, कुणावर राग आहे का. विश्वास नसूनही जामसरला जाताना एकच विचार पाठ सोडत नव्हता. लहानू बोलला तर?

खळ्यावर शिरताच त्याचे चुलते बुधा काका म्हणाले, "या, साहेब. जीपची चाकं मोजून बसलात ना?" सगळे हसले. बुधा काका साठीच्या पुढचे. ताडावरून पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा ताठ झालेला, काठीशिवाय पाऊल नाही. जव्हारच्या बाजारापलीकडे कधी गेले नाहीत, विमान पाहिलं ते आभाळातच. हिंदी तर त्यांना येतच नाही.

सकाळचं लख्ख ऊन होतं. भगताने गायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने बुधा काकांच्याच अंगात आलं. ते काठी न घेता उठले. खळ्याच्या एका टोकाला गेले, मान खाली घालून वाकले, उजवा हात वर आत घातला, अंगठा दाबला आणि काहीतरी ओढलं. मग ते न दिसणारं डाव्या मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळलं.

"मोहोळ काढतो जणू," कुणीतरी म्हणालं.

मला कळलं होतं. फीत फडफडू नये म्हणून ती मनगटाला अशी गुंडाळायची सवय एकट्या लहानूची होती. काका उजवीकडे गेले. तसेच वाकले, तसंच ओढलं, दोन वेढे. मी स्वतःला समजावत होतो — लहानूने घरी कधीतरी करून दाखवलं असेल, काकांनी ते पाहिलं असेल.

मग काका थांबले. उजवी मूठ कानाशी नेली. डावा खांदा जरा खाली पडला. हत्यारांची पिशवी वागवून माझा पडतो तसा. आणि ते खळं सोडून चालू लागले, पेंढ्याच्या उडवीपलीकडे, वीस-पंचवीस पावलं. तिथे वाकले आणि डाव्या हाताने ओढलं.

मी डावखुरा आहे. तिथे खळ्यावर दुसरं कुणीही डावखुरं नव्हतं. आणि मी शेजारच्या विमानाची पिन ओढली तेव्हा लहानू आमच्या विमानाच्या पलीकडच्या बाजूला उजव्या पायाखाली होता. त्याला मी दिसणं शक्य नव्हतं. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही.

काका परत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि मूठ उंच धरली. कॅप्टनला दाखवतात तशी.

जनी पुढे झाली. "काय राहलं तुझं? लोकं बोलतात तुला. सांग ना, कुणाच्या हातून झालं?"

काका तिच्याकडे वळले. मला वाटलं, झालं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं.

"मेरेसे रह गया," काका म्हणाले. "मेरेसेच रह गया."

मग खाली बसले. गुडघा पुन्हा ताठ झाला होता, उठवायला चौघं लागली. नंतर विचारलं तर त्यांना काही आठवत नव्हतं. "घसा दुखतो," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावाचा सूर बदलला. चूक कबूल केली, मोकळा झाला बिचारा, असं लोक म्हणू लागले. त्या दिवसापासून त्याला कुणी 'चाकवाला' म्हणालेलं नाही, असं ऐकतो. जनी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओहोळावर भांडी घासत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. शेजारचं विमान, परत घातलेली पिन, केबिन, सगळं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं.

"दादा, तू माझ्या जिवासाठी हे बोलतो," ती म्हणाली.

"नाही जने. खरं आहे."

"त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. तुझ्या म्होरंच." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मेलेलं माणूस खोटं नाय बोलत रे. आपण जिती माणसं बोलतो."

मुंबईला परतल्यावर मी कंपनीला पत्रही लिहिलं, नाव-तारखेसकट. प्रकरण बंद झालंय, असं उत्तर आलं. जनीला पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. आता ती विषय निघाला की उठून जाते, आणि तिची लागलेली झोप मोडण्याचा मला काय हक्क आहे, तेही कळत नाही.

बुधा काका तसे कसे चालले, माझा डावा हात त्यांना कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इथल्या कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण माझी झोप त्याने उडालेली नाही. लहानूला सगळं ठाऊक होतं. बोलायला तोंड मिळालं होतं, समोर त्याची बायको विचारत होती... तरी तो तेच का म्हणाला?