राहिलेल्यांचा पुतळा

जर्मनीतल्या क्रेफेल्डमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. काही शतकांपूर्वी इथली विणकर कुटुंबं अमेरिकेत गेली आणि त्यांनी तिथे शहर वसवलं, म्हणून गावात त्यांचं स्मारक आहे. आजोबांना ते अजिबात सहन होत नाही.

"गेले त्यांना पुतळा! आणि आम्ही राहिलो, आम्हाला काय?"

म्हणून दर रविवारी ते ठेवणीतला कोट घालून स्मारकाशेजारी बिअरचा रिकामा क्रेट पालथा घालतात आणि त्यावर अर्धा तास न हलता उभे राहतात.

परवा त्यांचा गुडघा सुजला. काठी टेकत वर आले आणि म्हणाले, "आज तुम्ही उभे राहा."

"आजोबा, मी तर इचलकरंजी सोडून आलेला माणूस!"

"तिथे कोण राहिलं?"

"मोठा भाऊ. आई-बाबांपाशी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग त्याच्यासाठी."

त्यांच्याबरोबर स्मारकापाशी जाऊन मी क्रेटवर चढलो. थोड्या वेळाने स्मारक बघायला अमेरिकन पाहुणे आले. एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"यांचा मोठा भाऊ," आजोबा गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी काठीने माझी हनुवटी वर केली.