तापली की बंद पडणारी गाडी

मी जनावरांचा डॉक्टर. पंचवीस वर्षं तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांवर एकाच मोटारसायकलवर फिरतोय. गेल्या उन्हाळ्यात ती गाडी तापली की बंद पडायला लागली. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू. शिवाय बॅटरी सारखी उतरायची, हॉर्न घोगरा झालेला. तीन मिस्त्री झाले. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग, तिसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला. मी दर वेळी मान डोलावून निघालो. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी लांबच्या वस्तीवरून फोन आला. गाय अडली होती. अर्ध्या वाटेवर, भर माळावर गाडी बंद पडली. किका मारून पाय भरून आला. शेवटी ढकलत निघालो. पोहोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. वासरू ओढून काढलं ते मेलेलंच. गाय तेवढी वाचली.

मालकीणबाई माझ्या हातावर पाणी घालत होत्या. मी गाडीचं सांगायला लागलो, तशा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर. गाय हाय ना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीशेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काम जवळजवळ सोडलेलं.

"कवा बंद पडती?"

"तापल्यावर."

"मंग गार गाडी कशाला आनली? गार गाडी खोटं बोलती. जावा, तापवून आना."

पुन्हा उन्हात पाथर्डी रस्त्याला चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला गाडी बंद पडली. ढकलत आणली. त्यांनी प्लग काढून इंजिनला टेकवला आणि मला किक मारायला लावली. ठिणगी नाही. टाकीखाली, ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल असते. तिच्यावर त्यांनी ओला फडका गुंडाळला आणि बिडी पेटवून बसले. बिडी संपल्यावर म्हणाले, "मारा."

निळी ठिणगी उडाली.

"कॉइल गेली. तापली की आतली तार सुटती."

"आणि बॅटरी?"

"ती येगळी भानगड. तुमी समदे एकच दुखनं हुडकत हुता."

गाडी चालू करून त्यांनी बॅटरीला मीटर लावला. रेस वाढवली तरी आकडा हलेना. साइड कव्हर काढलं. चार्जिंगच्या वायरींचा जोड आत वितळून काळा पडला होता. नवी बॅटरी घातली तरी तिच्यापर्यंत करंट जातच नव्हता. त्यांनी तो जोड कापला, वायरी घासून पुन्हा जोडल्या. आकडा चौदा व्होल्टच्या जवळ गेला. मी दुकानातून नवी कॉइल आणून दिली, तीही त्यांनी बसवली. बोल्ट ते चाचपून आवळत होते. दोनदा पाना खाली पडला, मी उचलून दिला.

"आता नका येऊ माज्याकडं," हात पुसत ते म्हणाले. "नजर ऱ्हायली न्हाई. लई दमतो मी."

"मीही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली हातात दिली.

घरापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. आनंद व्हायला हवा होता. मी फोन बंद केला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, चपला न काढताच, दिवसाउजेडी झोपलो.