माझा हात लागलेला पाईप

"हाथ डाला ना इसने अंदर? धुलवाओ."

बाबूजी माझ्याकडे न पाहता बोलले. पाईपाकडे पाहून बोलले. मी तिथंच उभी होते, हातभर अंतरावर. बोटांना अजून स्टीलची बारीक भुकटी लागलेली.

भाताच्या कोंड्यातून तेल काढायचा तो कारखाना. आमच्या भागात राईस मिला पुष्कळ, कोंड्याला तोटा नाही. कारखाना नवा होता, अजून सुरू व्हायचा होता. बाबूजी म्हणजे थोरले मालक. मी तिथली पाईपिंग इंजिनिअर. कुठली लाईन कुठून जाईल, किती जाड पाईप लागेल, जोड कसा बसेल, टेस्ट कशी होईल, हे पाहणं माझं काम. गोंदियाच्या पॉलिटेक्निकमधून शिकले, नंतर नागपूरकडे एका ठेकेदाराकडं काम केलं, आणि घराजवळ नोकरी मिळाली म्हणून इथं आले.

त्या दिवशी तयार तेलाच्या टाकीकडे जाणारा पाईप जोडून झाला होता. पाईपाचं तोंड उघडं होतं. वेल्डिंग आतून नीट उतरलं की नाही ते मी पाहत होते. टॉर्चनं दिसतं, पण सगळं दिसत नाही. म्हणून हातमोजा काढला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. जोडावर बोट फिरवलं. गुळगुळीत लागला. हात बाहेर काढला तर समोर बाबूजी.

त्यांच्या माणसानं गाडीतून बाटली आणली. गोमूत्र. पाईपात ओतलं. मागून बादलीनं पाणी. पाणी माझ्या बुटांवरून वाहत गेलं.

"खाने का तेल जाएगा इसमें," बाबूजी म्हणाले. हेही पाईपालाच.

आजूबाजूला सगळे होते. वेल्डर हेमराज होता. धाकटे मालक होते, ज्यांना सगळे छोटे सेठ म्हणायचे. छोटे सेठ मोबाईल पाहू लागले. हेमराज ग्राइंडरची वायर गुंडाळू लागला. ती गुंडाळलेलीच होती.

मी पँटला हात पुसला. कायले पुसला, अजून कळत नाही. हात घाण नव्हता.

स्वच्छतेसाठी धुतलं असेल, असं कोणी म्हणेल. मीही घरी जाता जाता स्कुटीवर स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण माझ्या आधी त्याच पाईपात हेमराजनं हात घातला होता. तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून, तो गालात भरून, तोच हात. बाबूजींनी ते लांबून पाहिलं होतं, हसून राम राम केला होता. हेमराज जातीनं पोवार. गावाकडं धानाची शेती, बाबूजींच्या घरी लग्नकार्यात जेवायला जाणारा. पहिल्याच आठवड्यात बाबूजींनी मला आडनाव विचारलं होतं. सांगितल्यावर "अच्छा" म्हणून पुढं गेले होते. त्या "अच्छा"चा अर्थ मला त्या दिवशी लागला.

त्यानंतर मी संशयी झाले. खोटं कशाला सांगू. चहा आला की पाहायची, माझा कागदी कप आणि बाकीच्यांचे काचेचे का. मीटिंगला उशिरा निरोप आला की पाहायची, विसरले की मुद्दाम. कोणी हसलं की वाटायचं, मलाच. ही सवय माणसाला आतून कुरतडते. पण कामात तिचा उपयोग होता. आमचं काम संशयाचंच आहे. पाईपिंगच्या कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, कुठंही लिहिलेलं नाही की वेल्डर चांगल्या घरचा असेल तर जोड चांगला समजावा. लाईनमध्ये पाणी भरा. जेवढ्या दाबावर ती चालणार त्याच्या दीडपट दाब चढवा. थांबा. मग प्रत्येक जोड डोळ्यांनी पाहा. जोड उघडा पाहिजे, रंग नाही, वरून पत्रा नाही. टेस्टनंतर कोणी लाईन कापली, नवीन काही जोडलं, तर पुन्हा टेस्ट. ते वाचताना मला शांत वाटायचं.

मग मावसबहिणीचं लग्न आलं. सगळ्या लाईनींची टेस्ट उरकून मी सुट्टीवर गेले. परत आले तर ज्या लाईनमधून तेल आणि सॉल्व्हंटचं गरम मिश्रण वाहणार, त्या लाईनला एक नवा फाटा. सॉल्व्हंट म्हणजे कोंड्यातून तेल सोडवणारं रसायन, पेट्रोलचाच भाऊ. गळलं आणि कुठं ठिणगी पडली तर विचारायला कोणी उरत नाही. हा फाटा माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता. दुसऱ्या टाकीकडे नेला होता. त्यावर उष्णता राखणारी लोकर गुंडाळून वरून ॲल्युमिनियमचा कोरा पत्रा बसवलेला. बाकीच्या लाईनीवर पत्रा अजून यायचा होता. फक्त एवढ्यावरच आला होता.

मी त्या पत्र्याकडं पाहत होते तेवढ्यात शिपाई आला. छोट्या सेठनं बोलावलं.

केबिनमध्ये मी नेहमी उभी असायची. त्या दिवशी ते म्हणाले, "बैठिए, मॅडम." चहा आला. कपबशीत. बिस्किटं आली.

"आपके जैसी लडकियां आगे आनी चाहिए," ते म्हणाले. मग मराठीत, "आपल्या भागाला अभिमान आहे तुमचा."

मी कपाकडं पाहत होते. याला काय पाहिजे, एवढंच डोक्यात.

ते सांगू लागले. परवा कारखाना तपासणारे सरकारी साहेब येणार. सगळ्या लाईनी मीच फिरून दाखवायच्या. टेस्ट माझ्यासमोर झाली हे मीच सांगायचं. "लेडी इंजिनिअर सांगते म्हटल्यावर चांगलं वाटतं."

"नवीन फाट्याची टेस्ट कधी झाली?" मी विचारलं.

"वो पुरानी टेस्ट में ही आ गया."

"पुरानी टेस्ट झाली तेव्हा फाटा नव्हता."

ते हसले. "मॅडम, आप बहुत शक करती हैं. घर का मामला है."

घर. ज्या घराचा पाईप माझ्या हातानं बाटतो ते घर. मी विचारलं, "त्या दिवशी पाईप धुतला, तेव्हा तुम्ही तिथं होते ना?"

त्यांनी बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. "बाबूजी पुराने खयाल के हैं. दिल पे मत लो."

चहा तसाच ठेवून मी उठले.

हेमराज शेडच्या मागं खर्रा घोटत बसला होता. मी सरळ विचारलं, "फाटा तुम्ही जोडला?"

"हो."

"पाणी भरलं होतं?"

तो घोटतच राहिला. "वेल्डिंग मस्त होय, मॅडम. मी केली."

"पाणी भरलं होतं का?"

"भरलं नाई."

"मग झाकाले कोणी सांगितलं?"

"छोट्या सेठनं. म्हने, साहेब येऊन राहिला, उघडं दिसाले नोको." त्यानं खर्रा तोंडात टाकला. "तुम्ही सांगाल तं माह्य नाव नोका घेऊ. मले इथंच राहाचं आहे."

मला तरी कुठं जायचं होतं, ते त्यानं विचारलं नाही.

तिथंच उभ्या उभ्या मला सगळं कळलं. फाटा फुटला असता तर कोण? लाईन मॅडमनं पाहिली. मॅडमनं सांगितलं टेस्ट झाली. बाबूजी पुराने खयाल के, छोटे सेठ मोबाईलवर, हेमराजची वेल्डिंग मस्त. उरली मी. तेलाला माझा हात चालत नव्हता. खोटं बोलायला तोंड चालत होतं.

घरी मायला सांगितलं. माय जन्मभर लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला गेली, उरलेल्या दिवसांत बिड्या वळल्या आणि मला शिकवलं. पाईप धुतल्याचंही तिला त्याच दिवशी सांगितलं, तोपर्यंत सांगितलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तवाच काऊन नाई बोलली?"

"नोकरीचं भेव वाटलं."

"मंग आता बी भेव." तिनं सूप पुन्हा उचललं. "हो म्हनून टाक. पाईप का तुह्या बापाचा होय? फुटल तं त्याईचा फुटल."

"त्या लाईनीखालून कोंड्याच्या गोदामाचा रस्ता आहे. दिवसभर बाया पोती घेऊन जातात. आपल्या टोलीतली कांता तिथंच कामाला लागली आहे, भागरथाही."

माय उठून चुलीपाशी गेली. हो म्हण असंही नाही, नको म्हण असंही नाही. भाकरी टाकायला बसली. माझ्या वाट्याचं कोणी ठरवणार नव्हतं. मीच ठरवायचं होतं.

साहेब आले. पुढं बाबूजी, छोटे सेठ, मागं आम्ही. हार, नारळपाणी. लाईनीखाली आल्यावर छोटे सेठ म्हणाले, "सब लाईन मॅडमने खुद देखी है. मॅडम, बताइए."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "सगळ्या लाईनी टेस्ट झाल्या?"

माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"बाकीच्या झाल्या. माझ्यासमोर झाल्या. हा फाटा टेस्टनंतर जोडला आहे. याची टेस्ट झालेली नाही."

बाबूजी म्हणाले, "गलतफहमी है इनकी."

साहेबांनी हेमराजला विचारलं, वेल्डिंग तुम्ही केली का, टेस्ट झाली का. हेमराज जमिनीकडं पाहून म्हणाला, "मले तं मालूम नाई, साहेब. मी मंग घरी गेलतो."

साहेब वैतागले. माझ्यावर की मालकांवर, कळलं नाही. पण माझं चार माणसांसमोर बोलून झालं होतं. आता साहेबांना ते गिळता येत नव्हतं. म्हणाले, "पत्रा काढा. पाणी चढवा. मी थांबतो."

पत्रा काढला. लोकर काढली. लाईनमध्ये पाणी भरलं, पंप लावला. काटा चढत गेला. ठरलेल्या दाबावर पंप बंद केला. सगळे थांबले. मी शिडीवर चढले आणि जोडाभोवती टॉर्च फिरवली. वरून, खालून, बाजूनं. कोरड्या कापडानं पुसून पाहिलं.

जोड कोरडा होता. एक थेंब नाही. काटा जागचा हलला नाही. हेमराजची वेल्डिंग खरंच मस्त होती.

खाली बाबूजी हसले. "देखा? शक की बीमारी है इनको." मग सगळेच हसले. छोटे सेठ हसले, मागची माणसं हसली. हेमराजही हसला, आणि तो हसला ते मला जास्त लागलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, आधी नीट माहिती घेत जा. उगाच सगळ्यांचा वेळ गेला."

मी शिडीवरून उतरले. मला लाज वाटायला पाहिजे होती, सगळ्यांची तशी अपेक्षा होती. मी वाट पाहिली. लाज आली नाही. खालून जाणाऱ्या बाया डोळ्यांपुढं आल्या आणि बरं वाटलं, जोड टिकला म्हणून. मी म्हणाले, "आता टेस्ट झाली. आता मी हो म्हणते. सकाळी म्हटलं असतं तर खोटं झालं असतं."

आणि तोंड उघडलंच होतं, तर पुढचंही बोलले. "बाबूजी, तेलाचा पाईप तुम्ही माझ्या हातामुळं धुवून घेतला. माझ्या आधी हेमराजचा हात आत गेला होता. त्याचं काही धुतलं नाही. का, ते साहेबांसमोर सांगा."

हसू थांबलं.

"वो धरम की बात है," बाबूजी म्हणाले. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून. "कारखाने की नहीं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे माझ्या कक्षेत येत नाही." आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं गेट उघडलं नाही. "सेठ बोले, अंदर नहीं लेना." गावाकडचाच माणूस, ओळखीचा. त्यानं गेटच्या सळ्यांतून माझं हेल्मेट बाहेर दिलं.

मी तिथून पोलीस ठाण्यात गेले. पाईप धुतल्याची तक्रार दिली. साक्षीदार कोण, त्यांनी विचारलं. होते तेवढे सगळे सांगितले. हेमराजनं काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं. बाकीच्यांनीही तेच. गावातली दोन मोठी माणसं घरी येऊन बसली, मायला म्हणाली, पोरीच्या लग्नाचं पाहा, कायले वाढवता. माय म्हणाली, "तुमाले चा करू का?" आणि उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. शेवटी ते गेले. तक्रार मागं घेतलेली नाही. बोलावतात तेव्हा जाते. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायला लावतात. सांगते. एक शब्दही बदलत नाही.

आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करते. नव्या साईटवर कोणी पहिल्या दिवशी खुर्ची दिली तर बसते, पण कशासाठी दिली ते मनात विचारते. टेस्ट झाली म्हटलं की विचारते, कोणासमोर झाली. पत्रा बसवायला माणसं आली की अडवते. लोक वैतागतात. मागं मला काय म्हणतात तेही माहीत आहे. इथंही आडनाव ऐकून "अच्छा" म्हणणारा एक भेटला. मी त्याला तिथंच विचारलं, "अच्छा म्हणजे काय?" तो मोबाईल पाहू लागला.

संशयी म्हणतात. म्हणोत. मी मऊ होणार नाही. जे माझ्यासमोर झालं नाही ते झालं असं माझ्या तोंडून कोणी वदवून घेणार नाही. आणि जे माझ्यासमोर झालं ते झालं नाही, असंही वदवून घेणार नाही.