बिनसावलीची दुपार

उन्हात पाऊल टाकण्याआधी बाई आपल्या पायांकडे बघायच्या. वर्गाच्या दारात थांबायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, चपला सरकवायच्या आणि मग मान खाली घालून नुसतं बघत राहायचं. मागे आम्ही पाच-सहा जणी जेवणाचे डबे हातात घेऊन खोळंबलेल्या. कुणी "चला की बाई" म्हटलं, की त्या मागे न वळताच म्हणायच्या, "इरली. ती कुटं पडलीय ते बघू दे की."

ती म्हणजे त्यांची सावली. आणि इरली म्हणजे कानडीत असू दे. बाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत असे दोन-चार कानडी शब्द कायमचे मुक्कामाला आलेले होते.

त्यांची-माझी ओळख सोलापुरात, विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणात झाली. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल तर पुढचं सांगायला नको. सगळं जग मे महिन्यात आंबे खात असतं आणि आम्ही विज्ञानवाले एखाद्या रिकाम्या शाळेत, सातवीच्या मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून बसलेलो असतो. आल्यावर सही, मग टाळ्या वाजवायचा खेळ, मग पडद्यावर चित्रं, मग चहा, मग पुन्हा सही. मी सोलापुरातलीच, सात रस्ता चौकाजवळ राहणारी, रिक्षाने जाऊन-येऊन करणारी, तरी सगळ्यांत जास्त कुरकुर माझीच. बाई पार श्रीपूरकडून, साखर कारखान्याच्या वसाहतीजवळच्या शाळेतून यायच्या आणि प्रशिक्षण संपेपर्यंत नणंदेकडे राहायच्या. खिडकीजवळच्या बाकावर त्या अशा बसायच्या, जणू पैसे देऊन तिकीट काढलंय.

कंटाळा येत नाही का, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"येतो की," त्या म्हणाल्या. "पन वर्सभर मीच बोलत असते. हितं मला कुनीतरी शिकवतंय. लई बरं वाटतंय."

दुपारच्या सत्रात आमच्यापैकी निम्मे लोक झोपेच्या काठावर असायचे. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, पडद्यावर हळूहळू फिरणारा पृथ्वीचा गोल. खिडकीबाहेर मैदान पांढरंफटक पडलेलं. लांब कुठेतरी यंत्रमागाची खटखट चाललेली असायची, मग तीही थांबायची आणि सगळं गाव पापणी मिटून पडल्यासारखं वाटायचं. अशा वेळी मी बाईंकडे बघायची. त्या एकट्या टक्क जाग्या असायच्या आणि खिडकीच्या गजांची सावली फरशीवर कशी सरकते ते बघत असायच्या.

हे सावलीचं खूळ त्यांना लागलं तेही मी पाहिलंय. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात तरुण मार्गदर्शक सरांनी एका दुपारी सगळ्यांना मैदानात नेलं आणि एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवला. बघता बघता ग्लासाची सावली आक्रसत गेली, आणि मग नव्हतीच. उन्हात नुसता ग्लास. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि तेवढ्यापुरती सावली पायाखाली जाते, हे आम्ही पुस्तकातून शिकवत आलो होतो. बघितलं कुणीच नव्हतं. लगेच सगळ्यांनी मोबाईल काढले, सेल्फी सुरू झाल्या. बाई मात्र ग्लासाशी उकिडव्या बसून राहिल्या. सावली पुन्हा डोकावेपर्यंत उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा त्यांचं तोंड उन्हानं लाल झालं होतं आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"एवढी वर्सं हे माज्या डोक्यावरनं जात हुतं," त्या म्हणाल्या, "आन मला पत्ता न्हाय."

पण हे मुलांना दाखवायचं कसं? मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्यांदा सूर्य येतो तेव्हा आभाळ भरलेलं. आम्ही सगळ्यांनी ही अडचण छान मांडली आणि जेवायला गेलो. बाईंनी मात्र मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

त्यांच्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं असायची. कारखाना सुरू झाला की टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि मुलं अर्धं वर्ष या शाळेत बसतात. गाळप संपलं की आईबापांबरोबर गावी परत. बाईंनी पुढच्या हंगामाअखेरी निघणाऱ्या मुलांना सांगून ठेवलं: अमुक तारखेला, दुपारी बारा वाजता, तुमच्या अंगणात काहीतरी सरळ उभं करा. त्याची सावली नाहीशी होईल. मी सांगते म्हणून बघा.

पुढच्या मे महिन्यात प्रशिक्षण झालंच नाही. त्यानंतरच्या वर्षी बाई आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. डब्यातली शेंगाचटणी सगळ्यांना वाढली, स्वतः घ्यायला विसरल्या. मी खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं. बीडकडच्या टोळीतली एक मुलगी होती, सातवीतली, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तिने गावी जाऊन बाईंचं ऐकलं. ऐकलं म्हणजे किती, तर सगळी वस्ती गोळा केली. अंगणात मुसळ उभं केलं. बारा वाजले, आणि मुसळाची सावली तळहाताएवढी, जशीच्या तशी. लोक हसले. शाळेत हेच शिकवतात व्हय, असं म्हणून बापानं मुसळ उचलून आत नेलं.

हंगामाला ती मुलगी परत आली, पण मागच्या बाकावर बसायला लागली. मग धाकट्या भावाला सांभाळायचंय म्हणून शाळेला येईनाशी झाली. टोळी निघायच्या दिवशी बाई तळावर तिला भेटायला गेल्या, तर ती बैलगाडीत भांडी रचत होती. न बघताच म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं ते खोटं हुतं."

"माझा पगार बंद झाला असता तर एवढं वाटलं नसतं," बाई मला म्हणाल्या. मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दुपारी प्रश्नोत्तरांत बाई उभ्या राहिल्या. सावली गेली नाही, का, असं त्यांनी विचारलं आणि सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली. मागून कुणीतरी फिस्कन हसलं. सर हसले नाहीत. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे, ते म्हणाले. आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला बारानंतर वीसेक मिनिटं जातात. आणि या दिवसांत तो रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत असतो. मुलीचं गाव सोलापूरच्या उत्तरेला आहे, म्हणून तिथे तो आपल्यानंतर काही दिवसांनी पोचतो. पहिल्या उन्हाळ्यातही त्यांनी हे सांगितलं असणार. पण तेव्हा बाई ग्लासात हरवल्या होत्या आणि आम्ही सेल्फीत.

"म्हंजे पोरीला दिस बी चुकीचा दिला आन येळ बी," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं की." चारचौघांत चूक कबूल केली तर आम्हा शिक्षकांचा जीव जातो, पण त्यांच्या आवाजात लाजेचा लवलेश नव्हता. उलट गाठ सुटल्यासारख्या त्या खाली बसल्या आणि लगेच मला कोपरानं ढोसलं. "तुजा फोन दे."

त्यांच्या स्वतःच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची. माझ्या फोनवरून त्यांनी टोळीच्या मुकादमाला गाठलं, मुकादमाकडून मुलीच्या बापाला. चहाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो. बापानं बऱ्याच आढेवेढ्यांनंतर फोन मुलीकडे दिला. बाईंनी आधी चूक सांगितली, मग बरोबर दिवस सांगितला, मग वेळ. पलीकडून अगदी हळू आवाज आला, "लोकं हसत्यात बाई."

"मग कुनाला बोलवू नगंस," बाई म्हणाल्या. "एकटी बघ. आन मला सांग, ह्याच फोनवर. चूक माझी हुती गं. सूर्याची नव्हती."

नंतरचे दिवस मला स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. सोलापुरातली बिनसावलीची दुपार येऊन गेली. दुसऱ्या दिवशी बाई दारात थांबल्या, पायांकडे बघितलं आणि मला जवळ बोलावलं. सावली परत आली होती, पण दुसऱ्या अंगाला. इतके महिने ती दुपारी उत्तरेकडे पडायची, आता नखाएवढी दक्षिणेला. "बघ," त्या म्हणाल्या, "तो तिकडं निगालाय, पोरीच्या गावाकडं." रोज दुपारी त्या अशा उभ्या राहायच्या. एखाद्याला एसटीत बसवून द्यावं आणि तो नीट पोचल्याचा निरोप येईपर्यंत जिवाला चैन पडू नये, तसं त्यांचं झालं होतं. ऊन रणरणायचं, कडुनिंबाचं पान हलायचं नाही, आणि त्यांच्याबरोबर मीही उत्तरेकडच्या पांढऱ्या आभाळाकडे बघत राहायची. खरं सांगते, त्या दिवसांत माझी कुरकुर कुठे गेली ते मलाही कळलं नाही.

ठरलेला दिवस आला. मधल्या दिवसांत मोबाईल एका खोक्यात जमा करायचा नियम निघाला होता. खोकं सरांच्या टेबलावर होतं. बारा वाजून गेले तसा बाईंनी पेनाला टोपण लावायचा आणि काढायचा चाळा सुरू केला. सर पडद्यावर काहीतरी दाखवत होते. आणि खोकं थरथरायला लागलं. इतकं, की टेबलावरून सरकू लागलं. सरांनी वाकून आत बघितलं, माझा फोन उचलला आणि मला न देता सरळ बाईंसमोर नेऊन ठेवला.

बाईंनी घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि मुलीचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला. आधी नुसता गलका, बायकांचा, पोरांचा. मग ती.

"बाई, मी कुनाला बोलवलं नव्हतं. आजी आपली आपन आली. मग सगळीच आली." धाप लागल्यासारखी ती थांबली. "मुसळाची न्हाय बाई. आजीची बी न्हाय. कुनाचीच न्हाय."

बाई उठल्या. परवानगी न मागता दारात गेल्या, उन्हात उतरल्या आणि पायांकडे बघितलं. "माजी हाय गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "परत आलीय. तो आता तुज्याकडं हाय." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मीही रडले. का रडतोय हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि त्या दुपारी टाळ्या मात्र खेळाशिवाय वाजल्या.

पुढे ती मुलगी टोळीबरोबर यायची थांबली. गावातच आजीजवळ राहून शिकायला लागली. बाईंच्या वर्गातून गेली म्हणून बाईंना वाईट वाटलं आणि शाळेत टिकली म्हणून त्या खूष झाल्या, हे दोन्ही त्यांच्या तोंडावर एकदम दिसायचं. दर मे महिन्यात माझ्या फोनवर तिचा फोन यायचा. नवा फोन घ्या आता, असं मी बाईंना म्हणायची. "इरली," त्या म्हणायच्या, "तुज्या फोनला सवय झालीय."

गेल्या थंडीत बाई गेल्या. थोडं आजारपण, त्याबद्दलही कुणाला फारसं कळवलेलं नव्हतं. बातमी आम्हाला प्रशिक्षणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली, दोन शासकीय सूचनांच्या मधे, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला त्या चित्रांचा इतका राग आला, की मी फोन फडताळात ठेवून दिला.

या मे महिन्यात पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा तीच शाळा. खिडकीजवळच्या बाकावर एका नव्या, पोरसवदा शिक्षिकेने पिशवी ठेवली. तिथे बसू नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक होतं, म्हणून गप्प बसले. सोलापूरची बिनसावलीची दुपार झाली. ग्लास ठेवला, सगळ्यांनी बघितला. मी मागे उभी होते.

त्यानंतर काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन निघालो होतो, आणि माझा फोन वाजला. नाव त्या बीडकडच्या मुलीचं. हिला कुणी कळवलं नसेल, आता हे मलाच सांगावं लागणार, असं वाटलं. मी फोन घेतला.

"बाई न्हाईत, ते म्हाईत हाय मला," तीच आधी बोलली. आवाज मोठा झाला होता, पण मी लगेच ओळखला. "पन हितं सावली न्हाय आत्ता. कुनाला तरी सांगावं लागतंय की."

तिच्या मागे पोरांचा गलका चालला होता, बहुतेक तिनेच जमवलेली असणार.

"तुमची आलीय का परत?" तिने विचारलं.

मी वर्गाच्या दारात थांबले. पदर डोक्यावर घेतला, चपला सरकवल्या, पायरी उतरले आणि खाली बघितलं. मागे कुणीतरी "चला की मॅडम" म्हणालं. पायांशी, दक्षिणेच्या अंगाला, नखाएवढी सावली होती.

"हाय गं," मी म्हणाले. "तो पोचला तुज्याकडं."