आमच्या पूलमधला जर्मन डिफेंडर

मंदी आली त्या वर्षी, एकाच आठवड्यात दोन माणसं बेकार झाली आणि दोघंही माझ्या गळ्यात पडली. एक माझा नवरा, दुसरा एक जर्मन फुटबॉलपटू.

आम्ही अबूधाबीला खलिफा सिटीत राहत होतो. मी एका फुटबॉल क्लबमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. नवरा सिव्हिल इंजिनिअर. रोज पहाटे उठून दुबईला जायचा आणि एका टॉवरचं काम बघायचा. एका दुपारी तो अवेळीच घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "खलास. क्रेनसुद्धा बंद केल्या." मग बाल्कनीत जाऊन बसला आणि पुढे कितीतरी दिवस तिथून हललाच नाही.

जर्मनाचं झालं ते माझ्या डोळ्यांदेखत. तेहतीस वर्षांचा, उंच, डिफेंडर. सरावाला चेंडूमागे वळला आणि गर्रकन मागे बघून चिडून म्हणाला, "कोणी लाथ मारली?" मागे कोणीच नव्हतं. मी धावत गेले, पण जाता जाताच मला कळलं होतं. टाचेमागची शीर तुटली की प्रत्येकाला आधी लाथच बसल्यासारखी वाटते.

ऑपरेशन झालं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्यामुळे क्लबने त्याच्या जागी लगेच दुसरा आणला. मॅनेजर त्याला म्हणाले, "पुढच्या सीझनला बघू, इन्शाल्ला."

ते गेल्यावर त्याने मला विचारलं, "या शब्दाचा अर्थ हो असा होतो की नाही असा?"

"मी इतकी वर्षं इथे आहे," मी म्हणाले, "मलाही अजून नक्की कळलेलं नाही."

तो हसला. वेदनेत हसणारे पेशंट मला आवडतात, त्यांच्याकडून काम करून घेता येतं.

टेबलावर पडल्या पडल्या तो त्याची कहाणी सांगायचा. बाप एका लहान गावात बेकरी चालवायचा. हा लहानपणी पुढे खेळायचा, गोल मारायचा, गावात कौतुक व्हायचं. पंधराव्या वर्षी कोचने त्याला मागे उभं केलं, कारण पोरगा धावायला मंद पण समोरच्याच्या मनातलं आधी ओळखायचा. घरी जाऊन तो रडला होता. त्याच मागच्या जागेवरून पुढे तो पहिल्या डिव्हिजनपर्यंत पोचला. तिथे काही वर्षं खेळला, मग टीम खाली गेली, तिच्याबरोबर तोही खाली गेला, आणि शेवटी इथे वाळवंटात आला. "मोठा खेळाडू नव्हतो," तो सांगायचा, "पण मोठ्या मोठ्यांना वैताग आणलाय."

पाण्यातले व्यायाम सुरू करायची वेळ आली तेव्हा क्लबच्या पूलचा पंप बिघडला. मंदीमुळे दुरुस्तीच्या कागदावर सही करायला कोणी तयार नव्हतं. आमच्या कंपाउंडमध्ये पूल होता. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "एक पेशंट आणतेय. त्याच्याबरोबर पाण्यात उतरशील का? मला त्याची पावलं बघत काठावरूनच ओरडावं लागणार आहे."

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही," तो बाल्कनीतून म्हणाला.

"त्याला नुसतं चालायचंय रे. तेही पाण्यात."

नवरा कॉलेजात वॉटरपोलो खेळलेला. पाण्यात उतरला आणि त्याच्यातला साइट इंजिनिअर जागा झाला. छातीइतक्या पाण्यात जर्मन चालायचा, हा त्याच्यापुढे उलटा चालायचा. "टाच आधी. घाई नको. परत कर." दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी जर्मनाचा तोल गेला, त्याने नवऱ्याची मान धरली आणि दोघंही बुडाले. वर आले ते खोकत आणि हसत. नवऱ्याचं ते खो खो हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. मी टॉवेल घ्यायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मग जर्मन आमच्याकडेच जेवायला थांबू लागला. थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवून खायचा आणि बेकरीवाल्याच्या मुलाच्या अधिकाराने सांगायचा, "कड थोडी जास्त भाजा." नवऱ्याने ते मनावर घेतलं. नोकरी शोधता शोधता तो स्वयंपाकही शिकला.

शुक्रवारी सकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर आमच्या लोकांचं क्रिकेट चालायचं. कॅप्टन होते रत्नागिरीचे एक चाचा, अबूधाबीच्या बाजारात त्यांचा भाजीचा धंदा. त्यांनी जर्मनाला खुर्चीवर बसवून अंपायर केलं. पहिल्याच शुक्रवारी त्याने चाचांनाच आउट दिलं.

"हबीबी, बॅटला लागलाच नाही," चाचा म्हणाले.

"पण तुम्ही घाबरला होतात," तो शांतपणे म्हणाला.

आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, ही डझंट इव्हन नो व्हॉट ॲन ओव्हर इज." चाचा इतके हसले की खरोखरच बॅट टाकून बाजूला झाले.

उन्हाळा सरला. नवऱ्याला रुवैसला रिफायनरीच्या कामावर नोकरी लागली. तो आता आठवड्याच्या शेवटी घरी यायचा. इकडे क्लबमधला तो नवा परदेशी खेळाडू दुसरीकडे गेला, आणि मॅनेजरांच्या त्या इन्शाल्लाचा अर्थ एकदाचा हो असा निघाला.

दुखापतीनंतरची जर्मनाची पहिली मॅच संध्याकाळची होती. नवरा रुवैसहून थेट स्टेडियमवर आला, मुलीला घेऊन वर बसला. मी बॅग घेऊन बेंचवर. आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा कोचने त्याला आत पाठवलं. समोरचा फॉरवर्ड विशीतला, वाऱ्यासारखा. तो एकदा सुटला आणि हा त्याच्यामागे निघाला. सगळं स्टेडियम चेंडूकडे बघत होतं, मी मात्र एका टाचेकडे. शर्यत तो हरणारच होता, म्हणून शर्यत लावलीच नाही. तिरका कापत पोरगा जिथे वळणार तिथे आधी पोचला, घसरला आणि चेंडू बाहेर काढला.

तो क्षणभर तसाच गवतावर पडून राहिला. माझा हात बॅगेवर होता. मग उठला, दोन पावलं टाकली आणि तिथूनच मला ओरडून म्हणाला, "डॉक्टर, बसा." वर नवरा खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या वाजवत होता. फुटबॉलमधलं काही न कळणारा माणूस.

जर्मन आणखी दोन सीझन खेळला आणि मग गावी परतला.

काही वर्षांनी आम्ही त्याच्या गावी गेलो. तो तिथे लहान मुलींच्या टीमचा कोच झाला होता. रिमझिम पावसात त्यांची मॅच बघितली. पोरी सपाटून हरल्या. सांत्वन करावं म्हणून मी जवळ गेले, तर गडी खुशीत होता. "ती बघा," मागे खेळणाऱ्या एका चष्मेवाल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाला, "आज पहिल्यांदा तिने चेंडूकडे न बघता समोरचीच्या खांद्याकडे बघितलं." आणि चिखलातून उड्या मारत तो तिला सांगायला गेला.