बशीवरचं मखर

आमच्या फणसवाडीत सार्वजनिक गणपती बसू लागला त्याचं ते दुसरं वर्ष. मखर कसलं करायचं याची सभा भरली आणि कोणी विचारलं नसताना मी उभा राहिलो. म्हणालो, "यंदा चिनी मंडप करू."

माझं चीनचं सगळं ज्ञान एका निळ्या बशीतून आलेलं. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या बशीवर एक मंडप होता: सहा खांब, टोकं वर उचललेलं छप्पर, खाली पाणी. तेवढ्या भांडवलावर मी सभेला अर्धा तास चीनचा इतिहास सांगितला. बरेचसे राजे तिथल्या तिथे जन्माला घातले. छपराची टोकं म्हणजे चिनी सरदारांच्या मिशांची नक्कल, असंही ठोकून दिलं. वाडीतले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते म्हणाले, "कर. पण फसलास, तर पुढच्या वर्षापासून तू फक्त केळीचे खांब आणायचे."

मी माझगावच्या गोदीत कारकून. तिथे एक चिनी सुतार जहाजांची डागडुजी करायचा. त्याला भीड घातली. दोन रविवार येऊन त्याने एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून मंडप उभा केला. टोकं उचलली की पावसाचं पाणी लांब पडतं आणि आत उजेड येतो, असं तो म्हणाला. मिशांचा विषय मी काढला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका पाहायला आले. मंडपाभोवती एक फेरी मारली, मग उलटी दुसरी.

"मागची बाजू कुठाय रे?"

"चिनी मंडप चहूबाजूंनी मोकळाच असतो, काका."

"आणि देवाची पाठ?"

गणपतीच्या पाठीशी दारिद्र्य असतं, ती पाहू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि माझ्या मंडपात मागच्या बिऱ्हाडांना विसर्जनापर्यंत नुसती पाठच दिसणार होती. मागच्या गॅलरीतून एक मावशी म्हणाल्या, "आमच्यावर काही राग आहे का रे तुझा?"

"केळी कुठे चांगल्या मिळतात ते विचारून ठेव," एवढंच बोलून काका गेले.

सुतार हत्यारं आवरत होता. त्याला अडचण सांगितली, पुरावा म्हणून बशी दाखवली. त्याने ती उलटी केली. मागे इंग्रजी शिक्का होता. असले शिक्के तो गोदीत रोज पाहायचा.

"ही विलायती आहे," तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला. "तुला इंग्रजी वाचता येतं ना?"

इंग्रजी वाचूनच तर मी पोट भरत होतो. देवाची पाठ झाकायची असते आणि बशीची पाहायची असते, मी नेमकं उलटं करून बसलो होतो.

मग त्याने खरा इतिहास सांगितला. असा मंडप म्हणजे मूळचा वाटेवरचा आसरा, वाटसरूंनी टेकावं म्हणून. टेकल्यावर समोरचं छान दिसतं हे लोकांच्या ध्यानात आलं, तेव्हा ते मुद्दाम टेकड्यांवर, तळ्याकाठी बांधू लागले. त्याच्या गावीही टेकडीवर एक होता. काही मंडपांत मागे कोरीव शिळा उभी असते, तेव्हा मागे फळी लावली तर काही बिघडत नाही.

"पण आत बसणारा बाहेर बघतो," तो म्हणाला. "तुमचा देव काय बघणार?"

मी समोरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांकडे पाहिलं. "धोतरं," मी म्हणालो.

त्याने मागच्या दोन खांबांत फळी बसवली. मागच्या बिऱ्हाडांनाही काही दिसावं म्हणून मी तिच्या दोन्ही अंगांना चिनी डोंगर रंगवले.

सकाळी काकांनी ते बराच वेळ न्याहाळले. "मलबार हिल ना हा?"

"हो," मी म्हणालो.

"छान उतरलाय." मग मी त्यांना आत बसणाऱ्याचं सांगितलं, या वेळी एकही राजा न घालता. काकांनी वळून समोरच्या दोऱ्या पाहिल्या आणि मूर्ती यायच्या आत सगळी धोतरं उतरवायला लावली. पहिलं माझं उतरलं.

आरतीला सुतारही आला होता. हातात मोदक घेऊन तो माझ्या डोंगराकडे पाहत राहिला. म्हणाला, आमच्या गावची टेकडी अशीच आहे. भिडेने म्हणाला असेल. पण पुढच्या वर्षी केळीचे खांब दुसऱ्या कोणी आणले.