न वाचता आणलेलं चित्र

मुलीनं लहानपणी जुन्या कॉम्प्युटरवर काढलेलं एक चित्र मला नव्या कॉम्प्युटरवर हवं होतं. जुन्या मशीनचे शौकीन असलेले शेजारचे अरविंदकाका वायर घेऊन आले. पहिल्या खेपेला स्क्रीनवर नुसते तिरपे रंगीत पट्टे उमटले.

"चुकून मजकूर म्हणून पाठवलं मी," काका म्हणाले. "मग मशीन ते वाचायला जातं आणि आपल्या समजुतीनं मधेमधे दुरुस्त्या करतं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी मशीनला काही न वाचता जसंच्या तसं पाठवायला लावलं. चित्र शाबूत आलं. लाल चौकोन, वर त्रिकोण, त्यात दोन पिवळ्या खिडक्या.

मला काही उमगेना. समजून घेतलं की बिघडतं आणि न समजता पोचवलं की टिकतं, हे कसं? मी तर लेकीला समजून घेण्यातच इतकी वर्षं घालवली.

संध्याकाळी तिला चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'आपलं घर किती छान काढलं होतंस.'

तिचा लगेच फोन आला. "घर कुठलं, आई? ती तू आहेस. लाल साडीतली."

फोन ठेवून मी चित्र पुन्हा उघडलं. दोन्ही खिडक्या माझ्याकडे बघत होत्या.